बांधलेल्या कुत्र्यांसाठी पालिकेचा नियम: मागायचा काय आणि कसा

प्रश्न असा आहे: नगरपरिषदेच्या हद्दीत गच्च्यांवर, बांधकामांवर, बंद फार्महाऊसच्या फाटकाशी पाळलेले कुत्रे दिवसचे दिवस साखळीला असतात. पोलिसांत गेलं तर "यात आम्हाला काही करता येत नाही" म्हणतात, पालिकेत गेलं तर "आमच्याकडे तसा नियमच नाही". मग कडक स्थानिक नियम करून घ्यायचा तर सुरुवात कुठून करायची?

आधी एक गैरसमज दूर करू. कायदा नाही, असं नाही. प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणारा 1960 चा केंद्रीय अधिनियम काढा आणि कलम 11(1) वाचा. खंड (च) म्हणजे इंग्रजी प्रतीतला (एफ): अवाजवी आखूड किंवा अवाजवी जड साखळीने अवाजवी काळ बांधून ठेवणं हा गुन्हा आहे. त्यापुढचा (जी): नेहमी बांधलेल्या किंवा कोंडलेल्या कुत्र्याला पुरेसं फिरवलं नाही तर मालक दोषी. (एच): पुरेसं अन्न, पाणी, निवारा न देणं. (आय): उपासमार होईल अशा स्थितीत सोडून देणं. तुम्हाला जे थांबवायचं आहे ते सगळं या चार खंडांत आलेलं आहे.

मग अडतं कुठे? पहिली अडचण "अवाजवी" या शब्दाची. तीन फूट साखळी अवाजवी की सहा फूट, दोन तास की बारा, हे कायद्यात कुठेच नाही. दुसरी, दंडाची. पहिल्या गुन्ह्याला 10 ते 50 रुपये, तीन वर्षांत पुन्हा केला तर 25 ते 100 रुपये किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद. हे आकडे 1960 च्या जमान्यातले आहेत. तिसरी अडचण सर्वांत जाचक. कलम 31 प्रमाणे कलम 11 मधले फक्त (एल), (एन), (ओ) हे खंड आणि कलम 12 एवढेच गुन्हे दखलपात्र आहेत. साखळीचा गुन्हा अदखलपात्र. म्हणजे ठाण्यात एनसी (अदखलपात्र गुन्ह्याची नोंद) नोंदवून घेतील, पण दंडाधिकाऱ्यांच्या आदेशाशिवाय तपास करता येणार नाही. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 174 मध्ये तसंच आहे. पोलिस "काही करता येत नाही" म्हणतात ते अर्धं खरं असतं. एनसी नोंदवून घेणं मात्र त्यांना टाळता येत नाही. आणि 1960 च्याच अधिनियमाच्या कलम 36 प्रमाणे गुन्ह्यापासून तीन महिन्यांत खटला दाखल व्हावा लागतो, त्यामुळे अर्ज-विनंत्यांत उन्हाळा घालवला की प्रकरण संपलं.

म्हणून पालिकेकडे "क्रूरताविरोधी कडक कायदा करा" अशी मागणी नेऊ नका. तो अधिकार तिचा नाही, आणि विधी अधिकारी पहिल्याच टिपणीत ते लिहून फाईल बंद करील. मागायच्या गोष्टी दोनच: अवाजवीला आकडा, आणि तो आकडा तपासायला पावतीपुस्तक हातात असलेला माणूस. हे दोन्ही पालिकेच्या आवाक्यात आहे, कारण परवाना, स्वच्छता आणि उपद्रव हे विषय तिचेच आहेत.

(राज्याने मनावर घेतलं तर दंडाचा आकडाही वाढू शकतो. प्राण्यांवरील क्रूरता हा विषय समवर्ती सूचीत, म्हणजे केंद्र आणि राज्य दोघांनाही कायदा करता येतो अशा विषयांच्या यादीत, 17 व्या नोंदीत आहे. बैलगाडा शर्यतींसाठी महाराष्ट्राने 2017 मध्ये याच केंद्रीय कायद्यात राज्यापुरती दुरुस्ती केली आणि सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने मे 2023 मध्ये ती ग्राह्य धरली. शर्यतीसाठी जे जमलं ते साखळीसाठी अशक्य नाही. पण तो मार्ग आमदारांचा आणि राष्ट्रपतींच्या संमतीचा आहे, वर्षानुवर्षांचा.)

आता तुमची संस्था कोणती ते पाहा. महानगरपालिका असेल तर 1949 चा महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम लागतो. उपविधी, म्हणजे पालिकेचा स्थानिक नियम, करण्याचा अधिकार कलम 458 मध्ये आहे. मुंबईला 1888 चा वेगळा अधिनियम. नगरपरिषद आणि नगरपंचायतीला 1965 चा. तिन्हींत उपविधीचा प्रवास साधारण सारखाच: मसुदा, सभेपुढे ठराव, जाहीर सूचना, हरकती, शासनाची मंजुरी, राजपत्र. यातला शासनमंजुरीचा टप्पा फाईल गिळतो. म्हणून महापालिका असेल तर आधी कलम 386 चा रस्ता धरा. परवाना देताना त्यावर अटी घालण्याची तरतूद तिथे आहे. श्वान परवान्याच्या छापील नमुन्यात मागच्या बाजूला सहा अटी वाढवायला उपविधीइतका काळ लागत नाही, आणि अट मोडली तर परवाना निलंबित करता येतो. नगरपरिषदेत श्वान परवाना चालू असेलच असं नाही. तिथे आधी नोंदणीचाच उपविधी मागावा लागेल आणि या अटी त्याच्या पोटात घालाव्या लागतील. ग्रामपंचायत असेल तर ग्रामसभेचा ठराव. गणपूर्ती एकूण मतदारांच्या 15 टक्के किंवा 100, यांपैकी जी कमी असेल ती. ठरावाने दंड वसूल होत नसतो, पण तहसील आणि पोलिस ठाण्यात तो जोडलेला अर्ज वेगळ्या नजरेने पाहिला जातो.

पहिला कागद माहिती अधिकाराचा. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावा. महाराष्ट्राच्या नियमांप्रमाणे एका अर्जात एकच विषय आणि 150 शब्दांची मर्यादा आहे, हे विसरून लोक दोन पानी कैफियत लिहितात आणि अर्ज परत येतो. विचारायचं एवढंच: कुत्रे पाळण्याबाबत लागू असलेल्या उपविधीची किंवा परवाना-अटींची प्रत, गेल्या तीन वर्षांत दिलेल्या व नूतनीकरण केलेल्या परवान्यांची प्रभागनिहाय संख्या, अटभंगाच्या नोटिसांची संख्या, पशुवैद्यकीय अधिकाऱ्याचं पद मंजूर आहे का, भरलेलं आहे का. तीस दिवसांत उत्तर आलं नाही तर पहिलं अपील. परवान्यांची संख्या बहुतेक ठिकाणी इतकी हास्यास्पद कमी निघते की तुमच्या निवेदनाचा पहिला परिच्छेद तिथेच तयार होतो. शिवाय जुना, कोणालाच न आठवणारा उपविधी कपाटातून निघण्याची शक्यता असते. तसा निघाला तर नवा नको, दुरुस्ती मागा. ते सोपं पडतं.

दुसरा कागद पुराव्याचा. दोन-तीन ठिकाणं निवडा आणि सलग सात दिवस सकाळी आठ, दुपारी दोन, रात्री आठ अशा ठरलेल्या वेळी नोंद करा: साखळी अंदाजे किती, पाण्याचं भांडं दिसतं का, सावली कुठे पडते, कुत्रा त्याच जागी आहे का. फोटोवर तारीख-वेळ असू द्या. फोटो सार्वजनिक रस्त्यावरून किंवा स्वतःच्या गच्चीवरूनच काढा. कुंपण ओलांडलं तर गृहअतिक्रमणाची तक्रार तुमच्यावरच होईल. कुत्रा सोडून आणणं ही कायद्याच्या नजरेत चोरी आहे, हेतू कितीही चांगला असो. आणि मालकाच्या नावानिशी फोटो व्हॉट्सॲपवर फिरवू नका. एकदा ते झालं की विषय कुत्र्याचा राहत नाही, दोन घरांच्या भांडणाचा होतो, आणि नगरसेवक अशा भांडणात हात घालत नाही.

आता मसुदा. पालिकेने लिहावा म्हणून वाट पाहू नका. तयार मसुदा दिला तर त्यावर खल होतो, नुसती मागणी दिली तर "योग्य ती कार्यवाही" होते. मसुदा लिहिताना एकच कसोटी लावा: स्वच्छता निरीक्षक एकदाच, दहा मिनिटांसाठी गेला, तर नियम मोडला हे त्याला तिथल्या तिथे ठरवता येईल का?

या कसोटीवर सगळ्यांचा आवडता नियम नापास होतो, तो म्हणजे तासांचा. अमेरिकेत कॅलिफोर्नियाचा कायदा 24 तासांत तीन तास म्हणतो, पेनसिल्व्हेनियाचा 2017 चा कायदा नऊ तास म्हणतो. ऐकायला छान. पण निरीक्षक नऊ तास उभा राहणार नाही आणि शेजाऱ्याची साक्ष मालक खोडून काढतो. तासांची अट ठेवा, पण भिस्त तिच्यावर ठेवू नका. त्याऐवजी घड्याळाची खिडकी ठरवा. असं कलम लिहा: "दिनांक 1 मार्च ते 15 जून या कालावधीत सकाळी 11 ते सायंकाळी 5 या वेळेत कुत्र्यास गच्चीवर, उघड्यावर अथवा केवळ पत्र्याचे छत असलेल्या जागेत बांधून ठेवता येणार नाही." दुपारी दीड वाजता गच्चीवर कुत्रा बांधलेला दिसला, फोटो काढला, संपलं. हवामान विभागाच्या उष्णतेच्या इशाऱ्याशी नियम जोडावा असाही विचार होतो, पण इशारा आहे की नाही हे रोज कोणी पाहायचं यावर कार्यालयात वाद होतो. ठरलेल्या तारखा बऱ्या.

पत्र्याचा वेगळा उल्लेख मुद्दाम. सभेत कोणीतरी हमखास म्हणतं, "शेड आहे की". कुत्र्याला पंजांच्या तळव्यांखेरीज घाम जवळजवळ येत नाही. तो धापा टाकून, जिभेवरची ओल वाळवून अंग थंड करतो. तापलेल्या पत्र्याखाली हवा कोंडली की हा मार्ग बंद होतो. निरोगी कुत्र्याचं तापमान 38 ते 39 अंश सेल्सिअसच्या आसपास असतं, 41 च्या पुढे गेलं की अवयव निकामी व्हायला लागतात. विदर्भात उन्हाचा पारा मारतो, कोकणात दमटपणा. हवेतच ओल असेल तर जीभ वाळत नाही, म्हणून 35 अंशांतही कुत्रा कोसळू शकतो. पगसारख्या बसक्या नाकाच्या जातींना तर आणखी लवकर. हा मुद्दा पशुधन विकास अधिकाऱ्याच्या सहीच्या एका पानावर मसुद्याला जोडा. तुमच्या तोंडून तो भावनिक वाटतो, त्यांच्या सहीने तांत्रिक होतो.

साखळीचं कलम पेनसिल्व्हेनियाकडून उचलण्यासारखं आहे: लांबी कुत्र्याच्या नाकापासून शेपटीच्या मुळापर्यंतच्या अंतराच्या तिप्पट किंवा 10 फूट, यांपैकी जी जास्त असेल ती, साखळीला फिरती कडी हवी, म्हणजे पीळ पडून ती आखूड होत नाही, गळा आवळणारा किंवा काटेरी पट्टा चालणार नाही, गाड्या ओढायची जाड साखळी चालणार नाही. आपल्याकडे त्यात वजनाची मर्यादा घालावी, साखळी आणि कुलूप मिळून कुत्र्याच्या वजनाच्या दहाव्या भागाहून जड नसावं. वीस किलोच्या कुत्र्याला दोन किलो. ताणकाटा खिशात मावतो, म्हणून हे तपासता येतं.

पण ही लांबी जशीच्या तशी उचलली तर एक धोका आहे. तिकडे अंगण असतं, इथे गच्ची. दहा फूट साखळीचा कुत्रा मांजर दिसलं म्हणून कठड्यावरून झेपावला तर बाहेर लटकून फास बसतो. आखूड साखळी वाईट आणि गच्चीवर लांब साखळी जीवघेणी. म्हणून पुढचं वाक्य हवंच: "साखळी पूर्ण ताणली असता कुत्रा कठडा, जिना, विहीर, पाण्याची टाकी अथवा कुंपण यांपासून किमान एक मीटर आत राहील अशा रीतीने ती बांधावी, तशी जागा नसल्यास बांधण्यास मनाई राहील." दोन खांबांमध्ये तार ताणून त्यावर सरकणारी साखळी लावायची सूट देणार असाल, तर तारेच्या दोन्ही टोकांना खांबापासून अंतर ठेवून अडसर हवा, नाहीतर कुत्रा खांबाला गोल फिरून स्वतःला बांधून घेतो.

बाकीची कलमं थोडक्यात आटोपतात. पाणी: कुत्र्याच्या पोहोचेत, न कलंडणाऱ्या भांड्यात. गरज दर किलो वजनामागे दिवसाला 50 ते 60 मिलिलिटर, उन्हाळ्यात याहून बरीच जास्त, म्हणून "किमान तीन लिटरचं भांडं" असं लिहिलं की वाद मिटतो. निवारा: तीन बाजू बंद, जमिनीपासून अर्धा फूट उंच, पावसाची झड आत न येणारा. आपल्या पावसाळ्यात ओल्या जमिनीवर बांधलेल्या कुत्र्याच्या पट्ट्याखाली जखम होते, माश्या बसतात, अळ्या पडतात. वाढत्या पिल्लाच्या गळ्यात लहानपणीचा पट्टा तसाच राहिला तर तो कातडीत रुततो. म्हणून "पट्ट्याखाली दोन बोटे सहज जावीत" हे वाक्य घाला, निरीक्षकाला ताणकाट्याचीही गरज नाही. सहा महिन्यांखालील पिल्लू आणि विण्याच्या बेतातली किंवा पाजती कुत्री बांधायचीच नाही.

व्याख्येत मात्र जपा. "जनावर" किंवा "पाळीव प्राणी" असा शब्द मसुद्यात राहिला, तर गोठ्यात दावणीला बांधलेल्या गाई-म्हशीही त्यात येतात. हद्दवाढीत आलेली गावं बहुतेक शहरांना आहेतच. तिथले सदस्य एका आवाजात उभे राहतील आणि त्यांचं बरोबरही असेल. "या उपविधीत पाळीव प्राणी म्हणजे कुत्रा व मांजर" असं पहिल्याच कलमात लिहा आणि गुरांना स्पष्ट वगळा. मेंढपाळांच्या कळपासोबतचा कुत्रा, उपचारासाठी किंवा आंघोळीपुरता बांधलेला कुत्रा, मालक शेजारी हजर असताना बांधलेला कुत्रा, हेही अपवादांत टाका. भटक्या कुत्र्यांचा विषय दारातच थांबवा. त्यांच्यासाठी 2023 चे प्राणी जन्मनियंत्रण नियम आणि न्यायालयांचे आदेश आहेत. त्या वादात तुमचा विषय ओढला गेला की सभागृहात दोन तट पडतात आणि साखळीचं कोणी बोलत नाही.

जप्तीचं कलम घालायचा मोह होईल. कुत्रा ठेवायला जागा नसेल तर घालू नका. 1960 च्या अधिनियमाच्या कलम 35 मध्ये प्राणी सांभाळण्याची आणि खर्च मालकाकडून घेण्याची सोय आहे, 2017 चे मुद्देमाल प्राण्यांच्या देखभालीचे नियमही आहेत. पण हे सगळं निवारागृह असेल तर. हद्दीत किंवा जवळ मान्यताप्राप्त संस्था असेल तर तिचं लेखी संमतीपत्र घेऊन मगच ते कलम टाका. नाहीतर पहिला जप्त कुत्रा पालिकेच्या गोदामात, त्याहून आखूड साखळीला दिसेल.

दंडाचा आकडाही मनाने टाकू नका. उपविधीभंगाची कमाल मर्यादा मूळ अधिनियमात ठरलेली असते; मसुद्यात पाच हजार लिहिले तर मंजुरीला गेलेली फाईल त्या एका कारणाने परत येते. विधी अधिकाऱ्याला मर्यादा विचारा आणि तेवढीच घाला, सोबत चालू राहिलेल्या भंगासाठी रोजचा दंड. खरा धाक नूतनीकरण रोखण्यात आहे. आणि "आधी ताकीद, मग 24 तासांनी कारवाई" हे वाक्य कोणी सौम्यपणाने सुचवलं तर विरोध करा. टेक्सासमध्ये नेमकी हीच अट होती. अधिकारी ताकीद देऊन गेला की कुत्रा तेवढ्यापुरता आत, दोन दिवसांनी पुन्हा बाहेर; पुन्हा ताकीद, पुन्हा 24 तास. शेवटी नवा कायदा करून 18 जानेवारी 2022 पासून ती अट काढावी लागली. सवलत द्यायची तर सगळ्यांना एकदाच द्या: राजपत्रातल्या तारखेपासून सहा महिने फक्त समज, त्यानंतर थेट पावती. हे सहा महिने लागतातही, कारण नियम एकदम आला तर काही मालक कटकट नको म्हणून कुत्रा हायवेवर सोडून येतात. याच काळात नोंदणी, रेबीजची लस आणि नसबंदीची शिबिरं लावून घ्या.

मसुदा द्यायचा कोणाला? मुख्याधिकारी किंवा आयुक्तांना आवक क्रमांकासह एक प्रत, आरोग्य किंवा पशुवैद्यकीय विभागाला एक, आणि जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील जिल्हा प्राणी क्लेश प्रतिबंधक सोसायटीला एक. ही सोसायटी 2001 च्या केंद्रीय नियमांप्रमाणे प्रत्येक जिल्ह्यात असायला हवी. बैठक झाली नसेल तर बैठक घ्या अशी लेखी मागणी करा. तिचा पाठिंब्याचा ठराव पालिकेच्या फाईलला वजन देतो. मग एक सूचक आणि एक अनुमोदक नगरसेवक, शक्यतो वेगवेगळ्या पक्षांचे. ऑनलाइन याचिकेवरच्या हजारो सह्यांपेक्षा त्या नगरसेवकाच्या प्रभागातल्या पन्नास मतदारांच्या पत्त्यांसह सह्या जास्त कामाच्या.

सभेत येणारे आक्षेप ठरलेले आहेत. "माणसं नाहीत" याला उत्तर: स्वच्छता निरीक्षक प्लॅस्टिकच्या पावत्या फाडतातच, त्याच फेरीत हे बसतं, परवाना शुल्कातून ताणकाटे आणि पावतीपुस्तकं येतात. "राखणीचा कुत्रा बांधलेलाच हवा" याला उत्तर: फाटकाशी दोन फुटांवर बांधलेला कुत्रा नुसता भुंकतो, मागच्या भिंतीवरून आलेला चोर त्याच्या टप्प्यात येत नाही, आवारात मोकळा सोडलेला येतो. तिसरा आक्षेप आक्षेपासारखा येत नाही, सूचनेसारखा येतो: "सोसायटीचा ना हरकत दाखला असल्याशिवाय परवाना नको." ती सूचना स्वीकारली तर तुमचा नियम कुत्रे हटवण्याचं हत्यार होतो. सोसायट्यांना पाळीव कुत्र्यांवर बंदी घालता येत नाही, असं भारतीय प्राणी कल्याण मंडळाने 26 फेब्रुवारी 2015 च्या मार्गदर्शक सूचनांत सांगितलं आहे. त्यांची प्रत सभेच्या दिवशी नगरसेवकाच्या हातात असू द्या.

ठराव झाला की त्याची प्रमाणित प्रत लगेच घ्या आणि इतिवृत्त कायम होईपर्यंत शब्द तपासा; "बांधता येणार नाही"चं "शक्यतो बांधू नये" इथेच होतं. हरकतींच्या मुदतीत तुमच्या बाजूच्या लोकांनीही लेखी सूचना द्याव्यात, नाहीतर फाईलवर फक्त विरोधच दिसतो. मंजुरीला गेल्यावर दर महिन्याला जावक क्रमांक देऊन स्थिती विचारा. आणि हे सगळं चालू असेपर्यंत डोळ्यांसमोरच्या कुत्र्यासाठी कलम 11 ची एनसी नोंदवून घ्या, दंडाधिकाऱ्यांकडे आदेशासाठी अर्ज करा. तीन महिन्यांची मुदत उपविधीची वाट पाहत नाही. जखमी करणं, विष घालणं असं काही असेल तर एनसीवर समाधान मानू नका, भारतीय न्याय संहितेचं कलम 325 सांगा. तो गुन्हा दखलपात्र आहे आणि त्याला पाच वर्षांपर्यंत कैद आहे.